माहेरी गेलेली पेशंट

मी मूळची घाबरट. कडी लावली की नाही हे बघायला दारापर्यंत जाते, परत येते आणि खात्री पटत नाही म्हणून पुन्हा जाते. लहानपणी बेळगावजवळच्या कंग्राळीच्या शेतातून घरी येताना विहिरीवरची मोटर बंद केली का, हे मी आप्पांना इतक्यांदा विचारायची की ते वैतागून मलाच बघून यायला माघारी पाठवायचे. मोटर बंदच असायची. पण बघून आले की मला भूक लागायची, त्याआधी नाही.

इंजिनिअरिंग झाल्यावर बेळगावात खासबागेतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मला टेस्ट लिहायचं काम मिळालं. आईनं सगळ्या भावकीला सांगितलं की हिला आता घाबरायचाच पगार मिळणार. तिनं चेष्टेनं सांगितलं, पण कामाचं इतकं नेमकं वर्णन मला मुलाखतीतही करता आलं नव्हतं. कंपनी म्हणजे साड्यांच्या दुकानावरचा एक मजला आणि दहा-बारा माणसं. आम्ही दवाखान्यांसाठी वेब ॲप्लिकेशन करायचो, जावा या संगणकाच्या भाषेतल्या एका फ्रेमवर्कमध्ये. बाकीचे कोड लिहायचे. मी तो कोड खरंच सांगितल्याप्रमाणे वागतो का, हे तपासणारा दुसरा कोड लिहायची.

हे काम समजायला अवघड नाही. एक खोटी पेशंट तयार करायची. तिला खोटं वय द्यायचं, खोटी तारीख द्यायची, ॲप्लिकेशनमध्ये सोडायची आणि ते तिच्याशी बरोबर वागतं का बघायचं. बरोबर असेल तर पडद्यावर हिरवी खूण येते, चुकलं तर लाल. एकदा लिहून ठेवली की ती टेस्ट कायमची. उद्या कुणी कोडमध्ये कुठंही हात घातला तरी अशा शेकडो टेस्ट आपोआप चालतात आणि सगळ्या हिरव्या झाल्याशिवाय नवा कोड दवाखान्यात जात नाही. मला हे फार आवडायचं. कडी पुन्हा पुन्हा बघायला कुणीतरी माझ्याऐवजी दारापर्यंत जातंय, असं वाटायचं.

निपाणीतला एक बाळंतपणाचा दवाखाना आमचं ॲप्लिकेशन वापरायचा. बाईचं नाव नोंदवलं की तपासण्यांच्या, सोनोग्राफीच्या, इंजेक्शनांच्या तारखा आपोआप पडायच्या, आणि दोन दिवस आधी घरच्या फोनवर मेसेज जायचा, कन्नडमध्ये किंवा मराठीत, जो हवा तो. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर रोज सकाळी त्या दिवशीच्या बायकांची यादीही त्यातूनच यायची. त्या भागातल्या बायकांना त्या मेसेजची सवय झाली होती. तारीख लक्षात ठेवायची कटकट नाही, मेसेज आला की एसटी धरायची.

माझी धाकटी बहीण निपाणीजवळच्या एका खेड्यात दिलेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि तिचं नाव त्याच दवाखान्यात घातलं. तिचा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: बाळ बापावर गेलं, तर आईचं रक्त बाळाच्या रक्ताला परकं समजून त्याच्यावर उठू शकतं. पहिलं मूल बहुतेक वेळा सुटतं, पुढच्याला धोका असतो. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक इंजेक्शन घ्यायचं, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत दुसरं. तारीख लिहून देऊ का, असं त्यांनी विचारलं तर माझी बहीण म्हणाली, नको, मेसेज येईलच, हे माझ्या आक्कानं केलंय. ही गोष्ट तिनं मला फोनवर इतक्या कौतुकानं सांगितली की दिवसभर मला ऑफिसात उगाचच हसू येत होतं.

त्याच्या दोन-तीन महिने आधी दवाखान्याकडून एक तक्रार आली होती. काही बायका मध्येच दुसरीकडं जातात, दुसऱ्या डॉक्टरकडं नाव घालतात, तरी त्यांना आपले मेसेज जात राहतात आणि त्यांच्या घरचे चिडून फोन करतात. काउंटरवर 'स्थलांतर' असं एक बटण होतंच. आमच्या सरांनी ठरवलं की ते दाबलं की मेसेज बंद आणि यादीतूनही नाव कमी. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्यानं अर्ध्या तासात कोड लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीआधी टेस्ट हवी म्हणून माझ्यामागं लागला, कारण दुपारी ते दवाखान्यात चढवायचं होतं.

आता मी जे केलं ते सांगते. मी त्याचा कोड उघडला, तो काय करतो ते वाचलं, आणि तो तेच करतो का हे तपासणारी टेस्ट लिहिली. एक खोटी पेशंट, वय सव्वीस, स्थलांतर झालेली. तिला मेसेज जाता कामा नये. चालवली, हिरवी. एकानं गणित सोडवायचं आणि दुसऱ्यानं त्याच्याच वहीत बघून उत्तर बरोबर आहे असं म्हणायचं, तसला प्रकार. पंधरा मिनिटांत झालं आणि आम्ही डबे उघडले. सहकाऱ्याचा डबा खानावळीचा होता, कारण त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. खानावळीच्या आमटीला तो रोज नावं ठेवायचा आणि आम्ही रोज त्याला चिडवायचो.

एवढं समोर होतं. आमच्या मुलखात पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सातव्यात ओटी भरतात आणि मुलीला घेऊन येतात. मराठी घर असो, कन्नड असो, जैन असो, यात फरक नाही. आम्ही टेबलाभोवती बसलेली सगळी याच मातीतली माणसं. बाहेरगावच्या कुणी हा कोड लिहिला असता तर त्यानं कदाचित विचारलं असतं की इथं बायका कुठं कुठं जातात, केव्हा जातात. आम्हाला विचारायची गरजच वाटली नाही. माहेरी जाणं म्हणजे स्थलांतर, असं आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही. पण काउंटरवरच्या मुलीसमोर बटण एकच होतं.

बहिणीची ओटी सासरी भरली. डॉक्टरीणबाईंवर तिचा भरवसा, म्हणून घरच्यांनी ठरवलं होतं की इंजेक्शनपुरतं एकदा कंग्राळीहून निपाणीला जायचं आणि मगच बेळगावात नाव घालायचं. तिचा दीर भारी नेमाचा माणूस. तपासणीला आली नाही अशी नोंद लागायला नको म्हणून तो मुद्दाम काउंटरवर सांगून आला की आमची वहिनी माहेरला चालली. काउंटरवरच्या मुलीनं बटण दाबलं. कुणाचं काय चुकलं सांगा.

बहीण घरी आली आणि आमच्या घराला निराळीच कळा आली. आई तिला हे खा, ते खाऊ नको म्हणून दिवसभर मागं असायची. मी ऑफिसातून येताना रोज काहीतरी आणायची. जवळजवळ महिना असा गेला. मग एका शनिवारी दुपारी आम्ही दोघी सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो आणि ती सहज बोलल्यासारखी बोलली.

"आक्का, त्या इंजेक्शनचा मेसेज अजून आला न्हाय गं. ह्यांच्या फोनवर बघायला सांगितलं, तिथंबी न्हाय."

मी बोटांवर आठवडे मोजले. पुन्हा मोजले. एकतीस. हातातली शेंग मी न फोडताच सुपात टाकली. काहीतरी नेटवर्कचं असेल असं मी बोलले, आणि बोलतानाच मला कळलं होतं की ते नेटवर्कचं नाही. आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. तिच्या नावापुढं 'स्थलांतर' होतं, आणि त्याखाली ठरलेले सगळे मेसेज रद्द. मी कोड उघडला. मग माझी टेस्ट उघडली. का कोण जाणे, मी ती चालवली. ती हिरवी आली. दोन वर्षं त्या हिरव्या खुणेनं मला शांत झोप दिली होती, आणि त्या दुपारी मला तिची इतकी किळस आली की मी लॅपटॉप आपटूनच मिटला.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळं सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवून एवढंच विचारलं की मध्ये कुठं पडली वगैरे नाही ना, रक्त गेलं नाही ना. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, निपाणीला यायच्या भानगडीत पडू नका, आजच बेळगावात रक्त तपासा, आईच्या रक्तात विरोध तयार झाला आहे का ते आधी बघायचं. झाला नसेल तर इंजेक्शन आत्ताही देता येतं. झाला असेल तर मग इंजेक्शनाचा उपयोग नाही, आणि बाळावर शेवटपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. तो शेवटचा भाग त्या अगदी शांतपणे बोलल्या.

आईला सांगितलं की नेहमीची तपासणी आहे. आईनं विचारलं की शनिवारी दुपारी कसली नेहमीची तपासणी, आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच बहिणीच्या हातात मनुकांची पुडी कोंबली. रिक्षात बहीण माझ्याकडंच बघत होती. ती लहान असल्यापासून माझा चेहरा तिला वाचता येतो, आणि माझ्या चेहऱ्यावर एरवीही काही लपत नाही. रक्त देऊन झाल्यावर लॅबच्या बाकावर बसलो. दोन तासांनी रिपोर्ट मिळणार होता. ती म्हणाली, आता सांग.

मी सांगितलं. मेसेज बंद करायचा नियम कसा झाला, आणि तो बरोबर आहे असं मीच कसं लिहून दिलं. तिला कोडमधलं काही कळत नाही, पण हे तिला लगेच कळलं.

"मग तुला म्हाईत न्हवतं व्हय, पोरी सातव्यात माहेरला येत्यात?"

"म्हाईत होतं."

"मग?"

मी लॅबच्या पावतीची घडी घालत राहिले. तिनं मान समोरच्या भिंतीकडं फिरवली. मला वाटलं ती रडेल, किंवा भांडेल, आणि भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला पोहायला मी शिकवलं, सायकल मी शिकवली, आणि दोन्ही वेळा तिचं काही दुखलंखुपलं तर म्हणून मीच जास्त रडले होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली की आईला सांगू नको, ती चार दिवस जेवायची नाही. मग पुडी सोडून तिनं मला मनुका दिल्या. मी त्या मुठीत धरून बसले.

त्या दोन तासांत मी फोनवर नको ते सगळं वाचलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. सूज आलेली बाळं, पोटात असताना रक्त चढवलेली बाळं, आणि त्यापुढचं, जे मी इथं लिहिणार नाही. एकदा बहिणीनं पोटावर हात ठेवला आणि मी ताडकन उठून काय झालं विचारलं. ती म्हणाली, काही नाही, लाथ मारतंय. मी देवाला नवस बोलले नाही, कारण कशाच्या बदल्यात काय मागायचं हेच मला सुचत नव्हतं. बहीण निगेटिव्ह आहे हे ॲप्लिकेशनला माहीत होतं, सातवा महिना आहे हे माहीत होतं, पहिलटकरीण आहे हेही माहीत होतं. आणि तरी मी त्याला गप्प बसायला शिकवलं होतं. मनात हेच फिरत राहिलं.

रिपोर्ट आला. विरोध तयार झालेला नव्हता. काउंटरवरच्या माणसाला मी तीन वेळा विचारलं, आणि तिसऱ्यांदा त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन त्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. तासाभरात बेळगावातल्याच एका दवाखान्यात इंजेक्शन झालं. घरी आलो तर आईनं शेवयांची खीर केली होती. बहिणीनं दोन वाट्या खाल्ल्या. मी मागं परसात जाऊन रडले, आणि रडता रडताच माझ्या लक्षात आलं की बटण काही फक्त माझ्या बहिणीसाठीच दाबलं गेलेलं नसणार.

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेले. ते चुकीला तांत्रिक अडचण म्हणत होते. मी म्हटलं की तांत्रिक अडचण माझ्या घरी खीर खाऊन बसली आहे. त्यांनी पुढं वाद घातला नाही. दुपारपर्यंत सहकाऱ्यानं कोड बदलला आणि या वेळी मी त्याच्या कोडकडं न बघता आधी टेस्ट लिहिली: पहिलटकरीण, रक्तगट निगेटिव्ह, सत्ताविसाव्या आठवड्यात माहेरी गेलेली. तिला मेसेज गेलाच पाहिजे, सासरच्याही फोनवर आणि माहेरच्याही. मग जुन्या नोंदींतून यादी काढली. निगेटिव्ह गटाच्या, स्थलांतर लागलेल्या, इंजेक्शन न झालेल्या. बहीण सोडून आठ जणी निघाल्या.

सोमवारी मी निपाणीला गेले. दवाखान्यातल्या सिस्टरांच्या शेजारी बसून आम्ही एकेकीच्या घरी फोन लावला. सासरी लावायचा, तिथून माहेरचा नंबर घ्यायचा, मग तिथं लावायचा. काही ठिकाणी मी मराठीत बोलले, काही ठिकाणी सिस्टर कन्नडमध्ये. तीन जणींनी दुसऱ्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं होतं. चार जणींचं राहिलं होतं. त्यांना त्याच आठवड्यात तपासणीला बोलावलं, आणि पुढं चौघींचेही रिपोर्ट चांगले येऊन इंजेक्शनं झाली. दर फोननंतर सिस्टर यादीवर बरोबरची खूण करायच्या.

आठवीचं माहेर लोंढ्याच्या पलीकडं, जंगलातल्या वाडीत. फोन लागायला संध्याकाळचे पाच वाजले. तिनंच उचलला. मागं बाळ रडत होतं. ती दीड महिन्यापूर्वीच बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधीच, दवाखान्यात नेताना वाटेत गाडीत. मुलगा होता, चांगला होता, सव्वादोन किलोचा होता. सिस्टरांनी विचारलं की बाळाचा रक्तगट काय. पॉझिटिव्ह. नंतरचं इंजेक्शन घेतलं का, असं विचारल्यावर ती म्हणाली की तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सासरच्यांनी फोनवर कळवलं की आपल्या दवाखान्याचा मेसेज आला की निपाणीलाच जाऊन घेऊ. मेसेज आला नाही, मग नसेल गरज असं वाटलं.

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. तीन दिवस केव्हाच उलटून गेले होते. मी त्यांच्या हातातून फोन घेतला, मी कोण ते सांगितलं, आणि चूक आमची आहे असं सांगितलं. आताच्या बाळाला काही नाही. पुढच्या खेपेसाठी मात्र तुमचं रक्त तपासावं लागेल, आता एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा, तेव्हाच कळेल. हे बोलताना मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

तिनं आधी बाळाला उगी केलं.

"तुमी आठवणीनं फोन केलासा, लई बरं वाटलं, म्याडम. सहा म्हैन्यानं मेसेज येईल न्हवं तपासणीचा?"

"येईल," मी म्हणाले. "पण मेसेजची वाट बघू नका. मी फोन करीन."

पहिल्या तपासणीत काही निघालं नाही. दुसरीला अजून अडीच महिने आहेत. माझी बहीण बाळंत झाली, मुलगी झाली, तिचा गट पॉझिटिव्ह निघाला म्हणून दुसरं इंजेक्शन त्याच दिवशी दिलं, आणि पोरीचं बारसंही झालं. आमच्या घरात ही गोष्ट संपली. मी मात्र आठवड्यातून एकदा लोंढ्याच्या पलीकडच्या त्या बाईला फोन करते. ती बाळाचं वजन सांगते, हसू लागलाय म्हणून सांगते, आणि मी ऐकत राहते. मागच्या सोमवारी ती म्हणाली की दर आठवड्याला कशाला त्रास घेता. तिला वाटतं, मी चौकशीसाठी फोन करते. मी कडी लागली का, हे बघायला पुन्हा पुन्हा जातेय.